तोच डोस, तेच जेवण, तरी शुगर कधी ३७१ तर कधी ४८. असं का होतं, कोणी समजावून सांगेल का?

डबेवाली_ताई (२४ सप्टेंबर, संध्या. ७:०५)
नमस्कार. मी चिंचवडला राहते, वय ५२, घरगुती डब्यांचं काम आहे, रोज चौतीस डबे जातात. शुगर नऊ वर्षांपासून आहे. आधी गोळ्या होत्या, या जूनमध्ये डॉक्टरांनी इन्शुलिन चालू केलं. ३०/७० च्या मिश्र इन्शुलिनची बाटली आणि सिरिंज. चिठ्ठीवर लिहिलं होतं २०-०-१४, म्हणजे सकाळी २०, रात्री १४, जेवणाआधी अर्धा तास. पहिले अडीच महिने बरं चाललं होतं, उपाशीपोटी १४८ आणि जेवणानंतर १९६ च्या आसपास यायची.
गणपतीपासून शुगर वाढायलाच लागली. डॉक्टरांनी डोस वाढवून २४-०-१६ केला, तरी वाढतीच. मग २८-०-१८ केला. परवाच्या रविवारी उपाशी २६२ आणि जेवणानंतर ३७१. डॉक्टर म्हणाले गणपतीत गोड खाल्लं असणार. मी एकवीस मोदक वळले पण एक तोंडात घातला नाही, फक्त प्रसादाचा कण घेतला, पण कोण ऐकतंय, घरातले पण हसले.
आणि आता उलटंच झालंय. सोमवार संध्याकाळपासून शुगर उतरतीये. काल सकाळी ११८, मला इतका आनंद झाला की देवापुढे साखर ठेवली. आज सकाळी ८६. पावणेसातला नेहमीसारखं २८ घेतलं आणि कामाला लागले. आठला पोळपाटावर लाटणं धरून उभी होते आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. पोळी अर्धी लाटलेली समोर दिसत होती, हात थरथरत होते, घाम मानेवरून ओघळत होता, मला वाटलं गॅसमुळे गरम होतंय. मुलीने चेहरा बघितला आणि मशीन आणलं, ४८. तिने साखरेचं पाणी पाजलं म्हणून सावरले.
डोस तोच, खाणं तेच, डबे तेच. मग असं का? आणि आता साडेसातला रात्रीचे १८ घ्यायचेत, हात धजावत नाहीये. घेऊ का नको?

सिस्टर_काकू
सुनबाई म्हणू का ताई म्हणू, माझं वय ६७, सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी झाली. आधी आजच्या रात्रीचं. इथे कोणीही घे किंवा नको घेऊ सांगितलं तर ऐकायचं नाही, मी सांगितलं तरी. आत्ता डॉक्टरांना फोन लावा आणि फक्त एवढंच बोला, "सकाळी ४८ झाली होती, आत्ता इतकी आहे, रात्रीचा डोस किती घेऊ?" फोन नाही लागला तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टरांना चिठ्ठी आणि मशीनमधले आकडे दाखवा. शुगर मोजून मगच फोन करा म्हणजे त्यांनाही सांगता येईल. बाकीचं नंतर बोलू.

रानजाई
ताई नवरात्र चालू आहे ना, उपास धरलाय का? माझ्या सासूबाईंना चतुर्थीला असंच होतं, इंजेक्शन घ्यायचं आणि दुपारपर्यंत चहावर राहायचं.

डबेवाली_ताई
नाही हो, यंदा उपास धरलेच नाहीत, इन्शुलिनमुळे घाबरून. उठता-बसता करायचे तेही नाही केलं.
काकू फोन लागला. आत्ताची १३२ आहे. डॉक्टर म्हणाले आज दहाच घ्या, झोपताना आणि रात्री तीनला मोजा आणि उद्या दुपारी या. घेतले दहा. जेवायला बसतेय. तुमचे आभार कसे मानू.

माळरान
ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका, हे इन्शुलिन एकदा मागे लागलं की सुटत नाही. आमच्या मामांनी मेथीदाणे आणि कारल्याचा रस घेऊन सगळं बंद केलं. तुमचं शरीरच सांगतंय की आता नको.

सिस्टर_काकू
माळरान, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतंय, पण असं लिहू नका हो. नऊ वर्षं गोळ्या खाऊन शुगर ऐकेना म्हणून डॉक्टर इन्शुलिनवर आलेत. कारलं भाजी म्हणून खाऊ दे, रस पिऊन इन्शुलिन बंद केलेले पेशंट मी वॉर्डात बघितलेत, श्वास लागलेला, ओठ कोरडे, ड्रिप लावायला शीर सापडत नाही. मागे लागतं म्हणजे काय, चष्मा मागे लागतो तसंच आहे, गरज असते तोपर्यंत लागतं.
ताई आता मला सांगा. बाटली घेण्याआधी हातावर घोळवता का? ३०/७० मध्ये दुधासारखा भाग तळाला बसतो, दोन्ही तळव्यांत वीसेक वेळा हळूहळू घोळवायची, जोरात हलवायची नाही फेस येतो. नाही घोळवली तर कधी नुसतं वरचं पाणी जातं कधी खालचं दाट, मग शुगर वरखाली होते. दुसरं, टोचता कुठे?

डबेवाली_ताई
घोळवते काकू, ते पहिल्या दिवशीच दाखवलं होतं. टोचते पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला, तिथे हात पटकन जातो. आता तिथे सुपारीएवढं घट्ट लागतंय पण दुखत नाही म्हणून तिथेच घेते.

सिस्टर_काकू
दुखत नाही म्हणूनच सगळे तिथेच घेतात!! ती गाठ आहे, तिच्यात टोचलं तर औषध रक्तात कधी उतरेल याचा नेम नाही. आजपासून ती जागा बंद. पोटाची डावी बाजू, मांडीचा बाहेरचा भाग, असं बदलत राहायचं, आणि दोन टोचण्यांत बोटभर अंतर. आणि हे डॉक्टरांनाही सांगा, कारण गाठ सोडून चांगल्या जागी घेतलं की तेच औषध जास्त लागू पडतं, कधी कधी डोस कमी करावा लागतो.
पण तरी ३७१ वरून तीन दिवसांत ४८, एवढा फरक नुसत्या गाठीने मला पटत नाही.

मेडिकल_काउंटर
माझं अहिल्यानगरला मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. धागा वाचतोय आणि एक शंका येतेय. ताई तीन गोष्टी बघून सांगा, आठवून नाही, प्रत्यक्ष हातात घेऊन.
एक, बाटलीवर ४० लिहिलंय का १००, मिलीच्या शेजारी छोट्या अक्षरात असतं. दोन, सिरिंजच्या सुईवरच्या टोपीचा रंग कोणता, आणि गणपतीच्या वेळची एखादी जुनी सिरिंज घरात असेल तर तिचाही. तीन, एक बाटली तुम्हाला किती दिवस पुरते?

डबेवाली_ताई
बाटलीवर ४० आययू पर मिली असं आहे, १० मिली. आत्ताची सिरिंज लाल टोपीची. जून पासून लालच होत्या. गणपतीच्या दोन दिवस आधी दुकानात लाल नव्हत्या, त्यांनी नारिंगी दिल्या, म्हणाले इन्शुलिनचीच आहे, सगळं सारखंच असतं, उलट सुई बारीक आहे. त्या बारीक होत्या हे खरं. दहाचं पाकीट होतं, मग अजून दोन पाकिटं घेतली, एक सिरिंज दोनतीनदा वापरायचे. रविवारी संपल्या आणि सोमवारी परत लाल मिळाल्या.
बाटली आधी अकरा-बारा दिवस जायची. गणपतीला उघडलेली मात्र पंचवीस-सव्वीस दिवस पुरली. मला वाटलं चला या महिन्यात पैसे वाचले.

मेडिकल_काउंटर
ताई, सापडलं. तुम्ही एक मोदक खाल्ला नाहीत हे खरंच होतं.
नीट वाचा, दोनदा वाचा. तुमच्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट आहेत. लाल टोपीची सिरिंज याच बाटलीसाठी बनलेली आहे, तिच्यावर ४० पर्यंतच आकडे असतात, २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली येतं आणि अर्ध्या मिलीत बरोबर २० युनिट. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटवाल्या औषधाची. तिच्यावर २० ची रेघ येते ०.२ मिलीला. तुमची ४० वाली बाटली तिच्यात २० पर्यंत भरली म्हणजे ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट.
गणपतीपासून तुम्ही २० समजून ८ घेत होता, आणि रात्री १४ समजून साडेपाच. डॉक्टरांनी २८ केलं तेव्हा पोटात जात होते अकरा. म्हणून शुगर चढली, आणि म्हणूनच बाटली महिनाभर पुरली. तुम्ही जुन्या हिशोबाने ३४ युनिट रोज घेतले असते तर ४०० युनिटची बाटली बारा दिवसांत संपायलाच पाहिजे.
सोमवारी लाल सिरिंज आली आणि पहिल्यांदाच खरे २८ गेले. आदल्या दिवशीपेक्षा एकदम अडीचपट. डॉक्टरांनी तो डोस वाढवला होता तुमची नारिंगीवरची शुगर बघून, त्यांना हे माहीतच नव्हतं.

डबेवाली_ताई
दादा मी आत्ता दोन्ही सिरिंज घेऊन बसले. कचऱ्याच्या बरणीत एक नारिंगी होती. दोन्हीत साधं पाणी २० च्या रेघेपर्यंत ओढलं आणि दोन चमच्यांत सोडलं. लालचं चमच्यात पसरलं, नारिंगीचे नुसते दोनचार थेंब. मुलगी शेजारी उभी होती, दोघी कितीतरी वेळ त्या चमच्यांकडे बघत बसलो.
मला कोणी सांगितलंच नाही हो की टोपीच्या रंगाला अर्थ आहे. मी अठ्ठावीस ची रेघ चष्मा लावून, उजेडात धरून, बुडबुडा काढून बघायचे. एवढी काळजी घेऊन चुकीचं घेत होते. आणि वर खाण्यावरून बोलणी खाल्ली.

मेडिकल_काउंटर
तुमची यात काडीचीही चूक नाही. सिरिंज देताना बाटली बघायची हे काउंटरच्या या बाजूचं काम आहे. मी आमच्या पोरांना शिकवलंय, इन्शुलिनची सिरिंज मागितली की पहिला प्रश्न "बाटलीवर किती आहे?" लाल नसेल तर नाही म्हणायचं, दुसऱ्या दुकानात पाठवायचं. सारखंच असतं म्हणून देणं म्हणजे किलोच्या जागी पाव किलोचं माप देणं.
उद्या डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठी नाही, बाटली आणि दोन्ही सिरिंज घेऊन जा. टेबलावर ठेवा. आणि एक सिरिंज दोनतीनदा वापरू नका, सुई बोथट होते, रेघा पण पुसट होतात.

सिस्टर_काकू
मला टोपीचं सुचायला हवं होतं. वॉर्डात आमच्याकडे एकच प्रकार यायचा त्यामुळे डोक्यात आलं नाही. बरं झालं तुम्ही विचारलंत.

जुनी_वही
मला एक विचारायचंय, हा ४० आणि १०० चा घोळ ठेवलाच का मग? सगळीकडे एकच का नाही?

मेडिकल_काउंटर
जुनी गोष्ट आहे. इन्शुलिन टोरंटोला १९२१ साली सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं. तेव्हा प्रत्येक घाण्याचं औषध कमी-जास्त ताकदीचं निघायचं, मग सशाला टोचून त्याची शुगर किती उतरते त्यावरून ताकद ठरवायचे, तिथून हे "युनिट" आलं. म्हणून युनिट म्हणजे मिली नाही, युनिट म्हणजे औषधाचं काम. पाणी किती त्यात आहे हा वेगळा प्रश्न. पुढे वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या निघाल्या, ४० च्या, ८० च्या. अमेरिकेने सत्तरच्या दशकात १०० वर यायला सुरुवात केली. आपल्याकडे साध्या इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्याच राहिल्या, पण पेनमधलं बहुतेक १०० चं, आणि नव्या औषधांच्या काही बाटल्या पण १०० च्या. त्यामुळे एकाच फ्रीजमध्ये दोन्ही असू शकतात.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून लिहितोय. अंगावर काटा आला वाचून. इथे आम्हाला ४० ची बाटली बघायलाही मिळत नाही, इथल्या दुकानातली साधी सिरिंज म्हणजे १०० चीच. मागच्या वर्षी आई-बाबांसाठी चांगल्या बारीक सुया म्हणून दोन बॉक्स सिरिंज पुण्याला नेल्या होत्या. आईने वापरल्या नाहीत कारण तिला पेन मिळालं, नाहीतर आम्ही हेच केलं असतं. आजच फोन करून ते बॉक्स टाकून द्यायला सांगतो. परदेशातून आई-वडिलांना प्रेमाने सिरिंज नेणाऱ्यांनी हा धागा वाचाच.
एक शंका, पेन असेल तर मग काहीच काळजी नाही ना?

पूर्वा_टाइप_वन
दादा पेनमध्ये ही गडबड होत नाही कारण आकडा फिरवला की तेवढेच युनिट येतात. पण पेनमधली काडतुसं बहुतेक १०० ची असतात हे लक्षात ठेवायचं, पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातून लाल सिरिंजने ओढून घेतलं तर उलटा अपघात, अडीचपट जास्त. आणि पेनचं पण शिकावं लागतं. नवी सुई लावली की आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघायचा, टोचल्यावर बटण दाबून धरून दहा मोजायचे. लगेच काढली की सुईच्या टोकाला थेंब लटकतो, तो तुमच्याच डोसातला असतो.
मी अकरा वर्षांची असल्यापासून घेते, आता २९ ची आहे. ताई तुम्ही लिहिलंय डोस तोच खाणं तेच, त्यात मला अजून एक गोष्ट दिसतेय. तुम्ही पावणेसातला घेतलंत आणि आठला पोळ्या लाटत होता. मग खाल्लं कधी?

डबेवाली_ताई
पूर्वा बाळा, खायला मला नऊ होतात. साडेआठला डबेवाला मुलगा येतो, तो गेला की मग बसते. चिठ्ठीवर सकाळी म्हणून लिहिलंय म्हणून सकाळी घेते, पावणेसात ही वेळ मीच ठरवलेली कारण तेव्हा कणीक मुरत असते, हात मोकळा असतो.

पूर्वा_टाइप_वन
हेच. "जेवणाआधी अर्धा तास" यात महत्त्वाचं घड्याळ नाही, घास आहे. ३०/७० म्हणजे त्यातलं ३० टक्के लवकर काम करणारं, अर्ध्या तासात चालू होतं. ७० टक्के हळू, चार तासांनी पुढे त्याचा जोर येतो, बराच वेळ राहतो. नऊला खाणार असाल तर डॉक्टरांना विचारून साडेआठला घ्या, नाहीतर सव्वासातला खा. जून ते ऑगस्ट हे निभावून गेलं कारण तुमची शुगर थोडी वरच असायची. आज ८६ वर २८ टोचून सव्वा तास उपाशी, म्हणून कोसळली.
आणि दुपारी जेवता कधी? सकाळच्या इन्शुलिनचा तो दुसरा जोर दुपारी असतो, तेव्हा पोटात काहीतरी हवं.

डबेवाली_ताई
दुपारी तीन. कधी साडेतीन. बाराच्या पुढे मला रोज हातपाय गळाल्यासारखं व्हायचं, मी दमले म्हणून चहा घ्यायचे.

पूर्वा_टाइप_वन
ते दमणं नसेलही. उद्या तेव्हा एक स्ट्रिप खर्च करा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खाली असेल तर परत तेवढंच. चहा-बिस्कीट, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर उशिरा चढते. वर आल्यावर मग पोळी किंवा केळं काहीतरी.
आणि घरच्यांना सांगून ठेवा, तुम्ही शुद्धीत नसाल तर तोंडात काही घालायचं नाही, पाणी पण नाही, कुशीवर वळवायचं आणि सरळ हॉस्पिटल.

रानजाई
पूर्वा तू किती घ्यायचं ते कसं ठरवतेस? सासूबाईंना वाटतं पोळी जास्त खाल्ली की दोन युनिट जास्त घ्यायचे. तसं चालतं का?

पूर्वा_टाइप_वन
माझ्याकडे दोन वेगळी इन्शुलिन आहेत, एक दिवसभराचं आणि एक प्रत्येक जेवणाचं, म्हणून मी ताटाप्रमाणे बदलू शकते. माझ्या डॉक्टरांनी माझं प्रमाण काढून दिलंय, १० ग्रॅम कार्बला, म्हणजे कर्बोदकांना, १ युनिट. तीस ग्रॅम कोरड्या पिठाची पोळी म्हणजे साधारण २० ग्रॅम कार्ब, म्हणजे मला दोन युनिट. हे प्रमाण माझं आहे, दुसऱ्या कोणाचं वेगळं असणार, कृपा करून उचलू नका. सुरुवातीची दोन वर्षं आई स्वयंपाकघरात काटा ठेवून गोळा मोजायची, वहीत लिहायची, मी रडायचे. आता ताट बघून कळतं.
सासूबाईंचं ३०/७० असेल तर दोन युनिट वाढवले की फक्त या जेवणाचं वाढत नाही, चार-सहा तासांनंतरचं पण वाढतं, दोन्ही एकाच बाटलीत बांधलेलं आहे. म्हणून त्यात उलटं करायचं, डोस ठरलेला तर जेवणही साधारण ठरलेलं.

सिस्टर_काकू
पूर्वा फार छान सांगितलंस. सासूबाईंची किडनीची तपासणी झालीये का तेही बघा रानजाई. वय झालं, किडनी मंदावली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, वर्षानुवर्षं सोसलेला डोस अचानक जास्त होतो. चतुर्थीचा उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस वेगळा लिहून घ्या.

माळरान
सिस्टर तुमचं लिहिलेलं रात्री घरी वाचून दाखवलं. मामांना आज लॅबला नेलं, उपाशी २९८ आली. गेले आठ महिने त्यांनी मोजलीच नव्हती, बरं वाटतंय म्हणायचे. उद्याची अपॉइंटमेंट घेतलीये. माझं वरचं लिहिलेलं कोणी पाळू नका.

सिस्टर_काकू
बरं केलंत नेलंत ते. पायाच्या तळव्यांकडे पण बघा त्यांच्या, कुठे जखम आहे का, आणि डोळे तपासायला सांगा.

डबेवाली_ताई (१२ ऑक्टोबर)
सगळ्यांना नमस्कार, उशीर झाला, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू झाल्यात.
२५ तारखेला डॉक्टरांकडे गेले. काही न बोलता बाटली, लाल सिरिंज आणि नारिंगी सिरिंज टेबलावर ठेवली. डॉक्टर बघतच राहिले. मग म्हणाले, "मोदकांचं मी बोललो ते चुकलं माझं." मला डोळ्यात पाणीच आलं. त्यांनी सगळे वाढवलेले डोस रद्द करून परत २०-०-१४ केलं, गाठ हाताने दाबून बघितली, दर तीन दिवसांनी आकडे मेसेज करायला सांगितले. गाठ सोडून बाजू बदलल्यावर शुगर थोडी अजून उतरली म्हणून आता १८-०-१२ आहे. वेळ पण बदलली. आता सात वाजता इंजेक्शन आणि साडेसातला मी खाते, पहिल्या दोन पोळ्या माझ्या, मग डब्यांच्या. मुलीने हा नियमच केलाय, त्या दोन पोळ्या ताटात पडल्याशिवाय ती डबे भरायला घेत नाही. दुपारी एकला जेवते.
बाराचं हातपाय गळणं मोजलं होतं, ६१ होती. म्हणजे किती महिने मी तो चहा पीत होते.
आज सकाळी उपाशी १२६, काल जेवणानंतर १७२. बाटलीच्या खोक्यावर मुलीने लाल नेलपॉलिशने मोठा ठिपका दिलाय, सिरिंजच्या डब्यावर पण तसाच. आणि बाटली उघडली की तारीख लिहिते, काउंटरदादांनी सांगितल्यासारखं किती दिवस पुरायला हवी ते पण. ३० युनिट रोज, म्हणजे तेरा दिवस. तेराव्या दिवशी संपली की मला शांत वाटतं.

मेडिकल_काउंटर
ताई, हा तेरा दिवसांचा हिशोब मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पावतीच्या मागे लिहून देणार. बाटली लवकर संपली किंवा उरली तर या म्हणून सांगणार. अजून एक, उघडलेली बाटली औषध उरलं तरी महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नका, आणि फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी निकामी.

अनिकेत_कोल्हापूर (१२ ऑक्टोबर, रात्री ९:४८)
अर्जंट आहे कोणी जागं असेल तर सांगा. वडिलांना आज संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आणलं, झोपताना १० वाजता इन्शुलिन लिहिलंय १६ युनिट. बाटलीवर १०० आययू पर मिली आहे, औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे. मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजची टोपी लाल आहे. मी १६ च्या रेघेपर्यंत भरलंय, हातात आहे, आणि आत्ता नेटवर कसं टोचायचं शोधताना हा धागा दिसला.

मेडिकल_काउंटर
टोचू नका. खाली ठेवा. लाल सिरिंजमध्ये १६ म्हणजे ०.४ मिली, तुमच्या बाटलीतलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. टोचलं नाही ना? आधी ते सांगा.

अनिकेत_कोल्हापूर
नाही टोचलं. ठेवलं खाली. बाबा शर्ट वर करून बसलेत.

मेडिकल_काउंटर
चांगलं. ती सिरिंज फेकून द्या, हिशोब करून लाल सिरिंजनेच कमी भरून घेऊ असं पण करू नका. हॉस्पिटलच्या वॉर्डला फोन करा, डिस्चार्ज पेपरवर नंबर असेल, सांगा बाटली १०० ची आहे आणि सिरिंज ४० ची मिळालीये, तासभर उशीर झाला तर चालेल का. हॉस्पिटलचं मेडिकल रात्रभर उघडं असतं, तिथून नारिंगी टोपीची आणा. बाटली सोबत न्या.

सिस्टर_काकू
जागी आहे रे बाळा. बाबांना तोवर घाबरवू नकोस. जाताना घरी कोणाला तरी त्यांच्याजवळ बसव.

अनिकेत_कोल्हापूर (रात्री ११:०५)
मिळाली. वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या उशीर चालेल, बाटली बघून त्यांनीच भरून दाखवलं आणि मला परत भरायला लावलं. आत्ता घरी येऊन दिलं. लाल सिरिंज अजून टेबलावर भरलेली तशीच पडलीये, आई तिच्याकडे बघतेय आणि मला विचारतेय, यात एवढं होतं?